मुठीला टाकी : लेकीच्या एअर पिस्तुलाच्या नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

माझ्या दातांच्या लॅबच्या वहीत हे मिसळायचं नाही, म्हणून वेगळी वही घातली. त्या वहीत कवळ्या आणि ब्रिज, या वहीत फक्त लेकीच्या पिस्तुलाची मूठ.

ती दहा मीटर एअर पिस्तूल मारते. पिस्तूल जुनं घेतलेलं आहे, तिच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या मुलाकडून. मूठ त्याच्या हाताप्रमाणे घासून घेतलेली होती. घेताना आम्ही नळी, ट्रिगर, हवेचा सिलिंडर सगळं तपासलं. मुठीकडे मीसुद्धा नीट पाहिलं नाही.

आज तिने घरी येऊन आकडे दाखवले. साठ नेम, पंचाहत्तर मिनिटं, दहा-दहाच्या सहा सिरीज: ९१, ९२, ९०, ८८, ८५, ८४. एकूण ५३०. पहिल्या तिनांत २७३ आणि नंतरच्या तिनांत २५७. गेल्या महिन्यातले कागद काढून बघितले तर तिथेही हाच उतार. म्हणजे नेम चुकत नाही, दम कमी पडत नाही, मध्येच काहीतरी बदलतं.

मी विचारलं तर म्हणाली, "आई, चौथ्या सिरीजपासून मूठ हातात फिरते गं. घाम येतो. पुसून परत धरते, पण दर वेळी जरा वेगळीच बसते."

जरा वेगळी म्हणजे किती, याचा हिशेब मी कागदावर केला. तिच्या पिस्तुलाच्या फ्रंट आणि रिअर साइटमध्ये, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या खुणांमध्ये, साधारण ३३ सेंटिमीटर अंतर आहे. पुढची साइट मागचीच्या मानाने एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर तीस मिलिमीटरचा फरक पडतो. निशाण्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ सबंध ११.५ मिलिमीटरचं. माझ्या कामात एक दशांश मिलिमीटरने दात उंच झाला तर पेशंट दुसऱ्या दिवशी परत येतो. हे गणित मला समजतं. माझ्याच घरात ते चुकत होतं आणि मी वर्षभर पाहिलं नाही, याचं वाईट वाटलं.

१५ जून, रविवार

सकाळी तिला नेमबाजी शिकवणाऱ्या सरांना फोन केला. त्यांनी एवढंच सांगितलं, "मुठीवर खुशाल काम करा, पिस्तुलाच्या बाकी कशाला हात लावू नका. आणि काही चिकटवण्याआधी, वाढवण्याआधी मला दाखवा."

लेकीने समोर बसून पिस्तूल उघडलं. आधी सिलिंडर काढला, नळीत छर्रा नाही हे बघितलं, मला दाखवलं, नारंगी सेफ्टी फ्लॅग घातला. मग एलन कीने मूठ उतरवली. उरलेलं पिस्तूल पेटीत, पेटी कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. माझ्या टेबलावर फक्त लाकूड येईल, हा नियम पहिल्याच दिवशी ठरवला आणि तो मोडायचा नाही.

मूठ अक्रोडाची आहे. वजन १७२ ग्रॅम. सगळ्यांत रुंद जागी व्हर्नियरने ४६.८ मिलिमीटर. खाली तळहात टेकायची पट्टी, ती वरखाली सरकते.

भिंगाच्या दिव्याखाली धरली. पुढच्या बाजूला, जिथे मधलं बोट वळसा घेतं, तिथे जुने टोचे होते, म्हणजे पकडीसाठी लाकडात पाडलेले बारीक खड्डे, पण माथे झिजून गुळगुळीत झालेले. त्यावर काळपट चकाकी. टोच्यांच्या तळाशी पांढरी रेघ, सुकलेल्या घामाच्या मिठाची. आणि ही चकाकी लेकीची बोटं जिथे येतात तिथे नव्हती, पाऊण सेंटिमीटर खाली होती. त्या मुलाच्या मोठ्या बोटांची जागा ती. इतके दिवस माझी मुलगी दुसऱ्याच्या हातात हात घालून नेम धरत होती.

१७ जून, मंगळवार

रेंजवर कुणीतरी पायऱ्यांवर लावतात ती खरखरीत चिकटपट्टी दिली. सरांना विचारून फक्त सरावापुरती लावून बघितली. वीस नेम छान. मग अनामिकेच्या पेराची साल निघाली. मूठ तरी फिरलीच, फरक इतकाच की आता कातडीही तिच्याबरोबर ओढली गेली. पट्टी काढली, गोंद टर्पेंटाइनने पुसला.

२१ जून, शनिवार

कवळी सैल असली की पेशंट म्हणतो, चिकटायची पावडर द्या. पावडरने चार दिवस निघतात, पण जिथे कवळी हिरडीला टेकत नाही तिथे ती टेकत नाहीच. मुठीचंही तेच असणार. आधी हात कुठे टेकतो आणि कुठे टेकत नाही ते शोधायचं, खरखरीतपणाचं नंतर बघायचं.

लॅबमधलं गुलाबी मॉडेलिंग वॅक्स कोमट पाण्यात मऊ केलं आणि मुठीवर सगळीकडून एकसारखं दाबून बसवलं. लेकीला टेबलाशी बसवून मूठ धरायला लावली. मग वाटलं, नेम धरताना ती बसते कुठे? हात लांब केला की तळव्याचा खळगा बदलतो, मनगट ताठ होतं, करंगळी ओढली जाते. ते वॅक्स फेकलं. भिंतीवर डोळ्याच्या उंचीला पेन्सिलची खूण केली, तिला नेम धरायच्या पवित्र्यात उभी केली, हात पूर्ण ताठ, डोळे मिटून. "जशी धरतेस तशीच धर, वॅक्स दाबायचं म्हणून दाबू नकोस."

वॅक्स गार झाल्यावर कॅलिपरने जागोजागी जाडी मोजली. अंगठ्याच्या बुडाच्या उंचवट्याखाली वॅक्स जवळजवळ उरलंच नव्हतं, लाकूड दिसत होतं. तळव्याच्या मधल्या खळग्यात चार मिलिमीटर. बेचकीत, म्हणजे अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये, एक बाजू टेकलेली, दुसरी मोकळी. म्हणजे हात मुठीवर दोनच जागी उभा होता आणि त्या दोन जागांभोवती फिरत होता. घामाने फिरणं फक्त सोपं झालं. फिरायला जागा आधीपासून होती.

हे सापडलं तेव्हा फार बरं वाटलं. तिला वॅक्स उन्हात धरून दाखवलं तर म्हणाली, "हे भोक माझ्या तळव्यात आहे?" मी म्हटलं, तुझ्या तळव्यात नाही गं, मुठीत.

२२ जून, रविवार

खळगा भरायला एम-सील. दोन्ही गोळे एकजीव होईपर्यंत मळले, मुठीचा तो भाग ८० नंबरच्या पेपरने खरवडून घेतला म्हणजे धरेल, आणि लिंपलं. लेकीच्या हाताला व्हॅसलीन, वर खाण्यावर लावतात ती पारदर्शक फिल्म. परत भिंतीसमोर. अर्धा मिनिट धर, सोड, परत धर. सहा वेळा. प्रत्येक वेळी हात मनाने बसू दिला.

इथे माझ्या हाताची सवय आडवी आली. कवळीत आम्ही कड जितकी लांब नेता येईल तितकी नेतो, कारण जितकं झाकलं जाईल तितकी पकड बसते. इथेही मी नकळत हाताच्या मागच्या बाजूला एम-सील चढवायला लागले होते, सुरेख वळण घेऊन. लेकीने हात धरला. स्पर्धेच्या नियमात मूठ हाताला वेढा घालू शकत नाही. खालची तळहाताची पट्टी मुठीशी काटकोनापेक्षा कमी कोनात नसावी, ती कडेने वर वळलेली नसावी, अंगठा वर उचलायला मोकळा असावा, मनगटाला कुठूनही आधार नको. म्हणजे मुठीने हात धरायचा नाही, हाताने मूठ धरायची. चढवलेलं सगळं पटाशीने कापून काढलं.

रात्रभर सुकू दिलं.

२४ जून, मंगळवार

नियमात आणखी एक गोष्ट आहे: सगळं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या डब्यात मावलं पाहिजे. पन्नासची बाजू मुठीच्या जाडीला लागू पडते. प्लायचे तुकडे जोडून त्या मापाचा डबा केला. अंगठ्याच्या बुडाशी अर्धगोल कानस आणि १२० नंबरने घासल्यावर मूठ ४८.३ वर आली. पिस्तूल जोडून डब्यात ठेवलं, झाकण सपाट बसलं. मुठीचं वजन १८६ ग्रॅम झालं. पूर्ण पिस्तुलाची मर्यादा १५०० ग्रॅम, तिचं हजाराच्या आसपास, तिकडे काळजी नाही.

२८ जून, शनिवार

नव्या कवळीत कुठे टोचतंय ते शोधायला आमच्याकडे एक पांढरी पेस्ट असते. ब्रशने लावली की ब्रशच्या रेघा उमटून राहतात. कवळी तोंडात घालून काढायची. जिथे रेघा तशाच आहेत तिथे स्पर्शच नाही. जिथे रेघा पुसटल्या तिथे नुसता स्पर्श. जिथे पेस्ट सरकून खालचा रंग उघडा पडला तिथे दाब. पेशंट बोट दाखवून "इथे दुखतं" म्हणतो ती जागा बहुतेक वेळा चुकीची असते. पेस्ट चुकत नाही.

मुठीला लावली. पहिल्या धरण्यात मधलं बोट आणि अनामिका यांच्या पुढच्या बाजूला उघडं लाकूड. ते बरोबर आहे. सर म्हणतात पकड त्या दोन बोटांनी सरळ मागे, तळव्याकडे. अंगठा आणि करंगळीने नुसतं सोबत असायचं. तळव्याच्या खळग्यात सगळीकडे पुसटलेल्या रेघा. पण अंगठ्याच्या बुडाशी अजूनही एक उघडा ठिपका, डाळीच्या दाण्याएवढा. २२० ने दहा-बारा हात घासला. परत पेस्ट. ठिपका अर्धा झाला. परत. पाचव्या वेळी गेला.

लेक कंटाळली नाही. पाचव्यांदा डोळे मिटून हात लांब केला आणि म्हणाली, "आता ती कुठे आहे ते कळतच नाही." एवढंच हवं होतं मला.

२९ जून, रविवार

आता टोचे. चार दिवस हेच डोक्यात होतं. मूळ मुठीवर एकदम हात चालवायचा नाही, आधी तुकड्यांवर. जुन्या खिडकीचा सागवानी तुकडा आणि शेजारच्या सुताराकडून आणलेला शिसवीचा.

पहिल्यांदा मायक्रोमोटर काढला, लॅबमधलं घासायचं-कोरायचं फिरतं यंत्र, कारण हातात बसलेलं यंत्र ते. त्याला चार नंबरचा गोल बर, म्हणजे कोरायचं टोक, १.४ मिलिमीटरचा. जास्त वेगाने लाकूड जळून काळं पडतं, म्हणून अगदी हळू फिरवला. तरी सागाच्या मऊ रेषेत बर पळतो आणि कडक रेषेवरून उडतो. शेवटी टोचे छान एकसारखे पडले, गोल, वाटीसारखे. बोट फिरवलं तर पकड जवळपास नाही. भिंगाखाली कारण दिसलं: वाटीची कड गोलसर, गुळगुळीत. खड्डा धरत नाही, खड्ड्याची कड धरते. खड्ड्याचं काम घाम पोटात घ्यायचं.

सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "अगं, हे तर पाट्याला टाकी लावणं आहे. ते फिरतं चाक कशाला? ठोक की."

त्यांच्या लहानपणी टाकी लावणारा दारावर यायचा. पाटा-वरवंटा घासून गुळगुळीत झाला की वाटण सरकतं, वाटलं जात नाही. तो मांडी घालून बसायचा, छिन्नीचं टोक उभं धरायचा आणि टक-टक-टक करत मधून बाहेर जायचा. "ओळीत कधी मारायचा नाही तो. ओळीत मारलं की त्या ओळीतूनच वाटण वाहून जातं." आणि टाकी लावल्यावर पहिलं वाटण मूठभर तांदळाचं, ते टाकून द्यायचं, नाहीतर चटणीत कच लागते.

मी तीन इंची काँक्रीटचा खिळा घेतला, टोक कापून सपाट केलं, आणि पातळ कटिंग डिस्कने त्या सपाट तोंडावर अधिकाचं चिन्ह कापलं. चार बारीक दात उभे राहिले. शिसवीवर ठेवून हलक्या हातोडीने एक ठोका. भिंगाखाली चार खड्डे, आणि प्रत्येकाभोवती दबलेल्या लाकडाची उठलेली धारदार कड. बोट फिरवलं आणि कळलं. हेच.

दर ठोक्याला खिळा थोडा फिरवायचा, म्हणजे चौकोनी नक्षी होत नाही. सागावर मात्र रेषेच्या दिशेने दोन ठोके जवळ पडले की टवका उडतो. अक्रोड जास्त घट्ट आहे, पण हे लक्षात ठेवायचं.

सासूबाईंनी शिसवीच्या तुकड्यावर अंगठा घासला आणि म्हणाल्या, "आता जरा मोकळं सोड. सगळीकडे मारू नकोस."

२ जुलै, बुधवार

इथे इंदूरच्या राणीपुऱ्यात पितळी तारांचा छोटा ब्रश, ३२० नंबरचा पेपर. सियागंजात तेल. दुकानदाराने विचारलं, "दीदी, अलसी का कच्चा कि डबल बॉइल?" डबल बॉइल घेतलं; कच्चं जवसाचं तेल या हवेत पंधरा दिवसांतसुद्धा सुकायचं नाही.

५ जुलै, शनिवार

लॅब दुपारी बंद केली. मूठ जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून वाइसमध्ये हलकी धरली. मुठीवर पेन्सिलने हद्दी आखल्या. पुढची बाजू: मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या रुंदीभर. मागची बाजू: तळव्याच्या टाचेखाली एक पट्टी, साडेतीन सेंटिमीटर लांब. बस्स. अंगठ्याची बाजू गुळगुळीत राहील, कारण तिथे पकडायचंच नाही. तर्जनी जिथून ट्रिगरकडे जाते ती जागा गुळगुळीत, ते बोट लाकडाला अडलं तर ट्रिगर तिरका ओढला जातो. करंगळीखालीही नाही. आणि एम-सीलवर ठोकायचं नाही, ते दबत नाही, फुटतं. तिथे नुसता १२० चा हात ठेवला.

जुने झिजलेले टोचे आधी १२० ने सपाट केले. त्या मुलाच्या बोटांची काळी चकाकी निघाली आणि खालून अक्रोडाचा ताजा तपकिरी रंग आला. लेक बघत होती. काही बोलली नाही, फक्त त्या जागेवरून बोट फिरवून गेली.

मग ठोकायला सुरुवात. पट्टीच्या मधून बाहेर. पहिल्या थरात ठोके विरळ, साधारण दोन-तीन मिलिमीटरवर. दुसऱ्या थरात मधल्या जागा. तिसऱ्यात डोळ्याला रिकामं दिसेल तिथे. हातोडी फक्त मनगटातून, तिचं वजन पडेल तेवढंच. शंभर ठोक्यांनंतर थांबून पितळी ब्रशने भुसा काढायचा आणि दिवा बाजूने मारून बघायचं. सावली पडली की खोल-उथळ लगेच दिसतं. ही बाजूच्या उजेडाची युक्ती मी दातांच्या पॉलिशला वापरते, तिने इथे फार मदत केली.

सुमारे दीड तास पुढच्या बाजूला लागला. हाताला लय सापडली की आवाज बदलतो. लाकूड भरलं की ठोका 'टक' ऐवजी जरा 'ठक' येतो, तिथे थांबायचं. लेकीनेही तिसरा थर थोडा मारला. तिचे ठोके माझ्यापेक्षा हलके आणि सारखे पडले; हात स्थिर आहे तिचा, त्याचीच तर साधना आहे.

खालच्या कडेला चूक झाली. हद्दीच्या रेघेवर, कडेपासून दोन मिलिमीटरवर एक ठोका पडला आणि नखाएवढा टवका उडाला. टवका सापडला नाही. कानशीचा अक्रोडाचा भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून भरला, वरून सेलोटेप. कडेपासून चार मिलिमीटर आत थांबायला हवं होतं, ते मी आखतानाच करायला हवं होतं.

मागची पट्टी सहाला संपली. शेवटी ३२० नंबर, हाताचा भार न देता दोनदाच. उठलेल्या कडांची अणकुचीदार टोकं तेवढी जातात, कड राहते.

६ जुलै, रविवार

आषाढी. पंढरीनाथाच्या देवळात सकाळी गर्दी. संध्याकाळी तेलाचा पहिला हात दिला. फडकं तारेवर पसरून वाळत घातलं. जवसाच्या तेलाचं फडकं बोळा करून ठेवलं तर आपोआप तापून पेटू शकतं, हे घरात सगळ्यांना सांगितलं. वाळल्यावर पाण्यात भिजवून मगच टाकायचं.

९ जुलै, बुधवार

दुसरा हात कालच दिला. घाई झाली. हवा दमट, तेल टोच्यांच्या तळाशी साचलं आणि आज ते गुळाच्या पाकासारखं चिकट. खड्डे बुजले तर घाम जाणार कुठे? टर्पेंटाइनमध्ये बुडवलेल्या दात घासायच्या ब्रशने एकेक पट्टी घासली, फडक्याने टिपलं, परत घासली. तासभर. तळाचं तेल निघालं, वर पातळ थर राहिला तो ठेवला. आता उघड्या कपाटात, हात न लावता.

१३ जुलै, रविवार

सुकली. बोटाला तेल लागत नाही, वास गेला. टवका भरलेली जागा रंगाने थोडी फिकी दिसते. तिच्यावर बोट येत नाही.

सासूबाईंनी तांदळाची आठवण केली. पहिलं वाटण टाकून द्यायचं तसं पहिला सराव नुसता कोरडा करायचा ठरलं: छर्रा नाही, सिलिंडर कोरड्या सरावाच्या सेटिंगवर, पांढऱ्या भिंतीसमोर पंचेचाळीस मिनिटं. सुटलेली टोकं असतील ती घरातच झिजू देत. झाल्यावर बोटं बघितली. अनामिकेच्या दुसऱ्या पेरावर लाल ठिपके. पितळी ब्रश त्या जागी चार वेळा फिरवला. (दुसऱ्या दिवशी लिहिलेलं: ठिपके नाहीत.)

१९ जुलै, शनिवार

रेंज. मी मागे खुर्चीवर बसले, बोलायचं नाही असं स्वतःला बजावून.

इथून महू वीस-पंचवीस किलोमीटर. तिथल्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये तयारी केलेल्या विजय कुमारने २०१२ ला लंडनमध्ये रॅपिड फायर पिस्तुलात रौप्य मिळवलं, आणि २०१८ च्या एशियाडला पालेम्बांगमध्ये कोल्हापूरच्या राही सरनोबतने पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण. ते सुवर्ण बघून माझी नऊ वर्षांची मुलगी स्वयंपाकघरातली लाटणी सरळ धरून उभी राहिली होती. त्या दिवसापासूनची ही गोष्ट आहे. मला त्यात करता येण्यासारखं काही नव्हतं, डबे करण्यापलीकडे. या मुठीत माझं काहीतरी आहे.

चौथ्या सिरीजच्या आधी तिने हात पुसला आणि परत धरला. एकदाच धरला. पूर्वी दोन-तीनदा हलवून बसवायची.

९०, ९१, ८९, ९०, ८८, ८९. एकूण ५३७.

पहिल्या तिनांत २७०, नंतरच्या तिनांत २६७. एकूण आकड्यापेक्षा मला हे तीन जास्त मोलाचे. सरांनी मूठ हातात घेऊन अंगठा फिरवला, डबा मागवून मोजली, म्हणाले, "तळहाताची पट्टी अर्धा मिलिमीटर वर घ्या." तिथेच एलन कीने घेतली.

२९ जुलै, मंगळवार

लेक सांगते, मधल्या बोटाच्या डाव्या टोकाला टोचे कमी पडतात, बोट तिथे थोडं पुढे येतं. पेस्ट लावून बघितलं, बरोबर आहे, पाच मिलिमीटर हद्द वाढवायला हवी. पण आज नागपंचमी. सासूबाई म्हणाल्या, आज चिरायचं नाही, कापायचं नाही, टोचायचं तर मुळीच नाही. हातोडी ठेवून दिली.

३० जुलै, बुधवार

पाच मिलिमीटर वाढवली. साठ-सत्तर ठोके. तेलाचा एकच हात, लगेच कोरड्या फडक्याने पुसून.

३ ऑगस्ट, रविवार

९१, ९०, ९२, ९१, ८९, ९०. ५४३.

घरी आल्यावर मूठ उतरवून भिंगाखाली पाहिली. मधल्या बोटाच्या टोच्यांचे माथे जरा गडद झालेत, आणि आता गडद जागा तिच्या बोटाखाली आहे. तळाशी मिठाची रेघ होती, ती ओल्या ब्रशने काढली. दर रविवारी हे करायचं, तेल मात्र तीन महिन्यांनी.

सोळा वर्षांचा हात अजून वाढेल. म्हणून आज तिचा हात नेम धरायच्या पवित्र्यात, मूठ धरूनच, अल्जिनेटमध्ये, म्हणजे दातांचं माप घ्यायच्या मऊ मिश्रणात, घेतला आणि लगेच स्टोन प्लास्टर ओतलं. अल्जिनेट ठेवलं की आकसतं. साचा सुकल्यावर मनगटाच्या बाजूला पेन्सिलने तारीख घातली आणि कवळ्यांच्या साच्यांच्या फळीवर वरच्या रांगेत ठेवला. डिसेंबरात पुन्हा वॅक्स लावून याच्याशी मोजायचं. शिसवीचा ठोकलेला तुकडा लेक मागून घेऊन गेली, दप्तरात असतो, बसमध्ये त्यावर बोट फिरवत बसते.